कोळंबी उगाच बदनाम झाली

पत्र : डॉक्टर, नमस्कार. माझ्या सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत, बीपी आहे, ४ वर्षं एनालाप्रिल चालू होती. गेल्या वर्षभरात तीनदा त्यांना सूज आली, दोनदा ओठ आणि एकदा एका बाजूचा गाल. दरवेळी गावातल्या डॉक्टरांनी एव्हिल आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी उतरलं. रक्ताची ॲलर्जी टेस्ट केली त्यात कोळंबी आणि धूळ आली, म्हणून घरात कोळंबी बंद, मग भीतीने सगळेच मासे बंद. तरी मागच्या महिन्यात रात्री अकराला त्यांची जीभ सुजायला लागली. त्या दिवशी एकादशी, मासे कुठून असणार, साबुदाण्याची खिचडी खाल्लेली! जवळच्या हॉस्पिटलात म्हणाले शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, मांडीत दोनदा ॲड्रेनालिन दिलं, एव्हिल दिलं, हायड्रोकॉर्टिसोन दिलं, काही फरक नाही, उलट बोलणं बोबडं व्हायला लागलं. मग ॲम्ब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तिथे नाकातून दुर्बीण घालून घसा बघितला, आयसीयूत ठेवलं, सूज दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरली. तिथले डॉक्टर म्हणाले ही ॲलर्जी नाहीच, बीपीच्या गोळीची सूज आहे. ४ वर्षं घेतायत हो ती गोळी! आता ती बंद करून दुसरी दिलीय. मिस्टर म्हणतात पहिल्या हॉस्पिटलने चुकीची इंजेक्शनं दिली, तक्रार करायची. सासरे रामिप्रिल घेतात, त्यांनी घाबरून परवापासून बंद केलीय. आणि सासूबाई रोज सकाळी एकच विचारतात, मग मी मासे खाऊ का? — एक सून, चिपळूण

उत्तर :

ताई, बाकी सगळं नंतर, आधी सासऱ्यांचं बघा. त्यांना रामिप्रिल बीपीसाठी आहे की हार्टसाठी की किडनीसाठी ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण कशासाठीही असली तरी ती अशी मनाने बंद करायची गोळी नाही. आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा, झालेलं सगळं सांगा, आणि ते काय म्हणतात ते ऐका. बहुधा म्हणतील की चालू ठेवा, कारण सासऱ्यांना आजवर कधी ओठ, जीभ, चेहरा सुजलेला नाही, आणि ही सूज हजार माणसांत साधारण एक ते सात जणांना येते, बाकीच्यांचं या गोळीने भलंच होतं. बायकोला आली म्हणून नवऱ्याला येईल असं काही नसतं, नवरा-बायको रक्ताचे नातेवाईक थोडेच असतात. फक्त त्यांनाही सांगून ठेवा की कधी विनाकारण ओठ जरी सुजला तरी लपवायचं नाही.

आता तक्रारीचं. मिस्टरांचा राग समजतो मला, आईची जीभ डोळ्यासमोर सुजताना बघणं सोपं नसतं. पण त्या रात्री पहिल्या हॉस्पिटलने केलं ते बरोबर केलं. माझी बरीच वर्षं इमर्जन्सीत गेलीयत, आणि रात्री अकराला जीभ सुजलेलं माणूस समोर आलंय, सोबत औषधांची पिशवी नाही, नातेवाईक एका सुरात सांगतायत की ह्यांना ॲलर्जी आहे, टेस्टमध्ये आलीय, तर मीही पहिलं ॲड्रेनालिनच उचललं असतं. हिशोब अगदी सरळ आहे बघा. खरी ॲलर्जी असेल आणि तुम्ही विचार करत बसलात तर माणूस काही मिनिटांत हातचा जाऊ शकतो. ॲलर्जी नसेल आणि तरी दिलंत, तर छाती धडधडते, हात थरथरतात, बीपी थोडा वेळ वर जातं आणि बहुतेकांचं थोड्या वेळात शांत होतं. हार्टचा पेशंट असेल तर मॉनिटरवर डोळा ठेवून द्यावं लागतं, तरी द्यायचंच असतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, मोठ्या माणसाला अर्धा मिलिलीटर, आणि पाच मिनिटांत फरक नसेल तर परत एकदा. तुमच्याकडे नेमकं हेच झालं. खरं सांगू का, आपल्याकडे रडगाणं उलट आहे, खऱ्या ॲलर्जीतसुद्धा एव्हिल आणि डेक्सा, म्हणजे स्टेरॉइड, आधी टोचतात आणि ॲड्रेनालिन भीतभीत शेवटी देतात. ज्या डॉक्टरांनी न घाबरता दोनदा दिलं, आणि फरक पडत नाही म्हटल्यावर तिथेच अडकून न राहता पुढे पाठवलं, त्यांना मी तरी नावं ठेवणार नाही.

चुकलं असेल तर त्या आधीच्या तीन वेळांत चुकलं. आणि ते कसं चुकतं हे कळलं की तुम्हाला पुढचं सगळंच कळेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खरी जोराची ॲलर्जी कशी दिसते ते आधी सांगते. माझ्याकडे एकदा एक विशीतला मुलगा आणला होता, आंब्याच्या बागेत गांधीलमाशी चावलेली. चावून पंधरा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. पोरगा आत आला तो खाजवतच, शर्ट काढला तर पाठीवर पोटावर हाताच्या तळव्याएवढ्या लाल गांध्या, डोळे सुजून बंद व्हायला आलेले, छातीत शिट्ट्या वाजतायत, आणि सारखा म्हणतोय मॅडम पोटात कळ येतेय, मला काहीतरी होतंय, मी आता जाणार. बीपी बघितलं तर वरचं ७०. आडवा केला, पाय वर केले, मांडीत ॲड्रेनालिन, सलाईन जोरात. पाच-सात मिनिटांत रंग बदलला, बीपी वर आलं, आणि अर्ध्या तासाने तो घरी सोडा म्हणून भांडायला लागला. (सोडलं नाही. ही ॲलर्जी काही तासांनी परत उसळू शकते, म्हणून थांबवून ठेवतात. बरं वाटतंय म्हणून सही करून पळून जाणारे पेशंट बघितले की माझंच बीपी वाढतं.)

आणि गोळीची सूज कशी असते? एक निवृत्त शिक्षक आठवतात. सकाळी उठले तेव्हा खालचा ओठ जड वाटला, वाटलं डास चावला असेल. नाश्ता केला, पेपर वाचला, दुपारपर्यंत ओठ दुप्पट झाला, संध्याकाळी जीभ. ते स्वतः चालत आले, खुर्चीत ताठ बसलेले, हातात रुमाल आणि तो लाळेने भिजलेला, कारण थुंकी गिळता येत नव्हती. अंगावर एकही गांधी नाही, खाज नाही, शिट्टी नाही, बीपी माझ्यापेक्षा चांगलं. मी नाव विचारलं तर तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा आवाज. इतका शांत माणूस बघून बाहेरच्या बाकावरचे लोक म्हणत होते, आमचा नंबर आधी होता. आणि खरं तर त्या दिवशी माझ्या सगळ्या पेशंटमध्ये सगळ्यात धोक्यात तेच होते.

एक धावत येतं आणि दुसरं चोरपावलाने. ॲलर्जी मिनिटांत चढते, फार तर तास-दोन तासांत, आणि ती फक्त तोंडापुरती राहत नाही, कातडी, श्वास, पोट, बीपी सगळीकडे हात मारते. गोळीची सूज तासातासाने वाढते, बहुतेक वेळा ओठ-जीभ-चेहरा इथेच राहते, पुष्कळदा एकाच बाजूला, खाजत नाही, गांध्या येत नाहीत. कधीकधी ती आतड्याला येते आणि मग पोटदुखी-उलट्यांसाठी भलतेच तपास होत बसतात, पण ते कमी. कपडे काढून अंगावर गांध्या आहेत का हे बघणं ही इमर्जन्सीतली सगळ्यात स्वस्त टेस्ट आहे आणि गर्दीत नेमकी तीच राहून जाते. मात्र गांध्या नाहीत म्हणजे ॲलर्जी नाहीच असंही छातीठोक म्हणता येत नाही हां, काही जणांत बीपी आधी कोसळतं आणि कातडीवर काहीच दिसत नाही, म्हणून शंका असली की ॲड्रेनालिन द्यायचं ते द्यायचंच.

आता ४ वर्षं घेतलेली गोळी आजच का उलटली? हा प्रश्न सगळे विचारतात आणि इथेच सगळे फसतात, डॉक्टरसुद्धा. ॲलर्जी म्हटलं की आपण शोधतो आज नवीन काय खाल्लं, काय लावलं, काय टोचलं. या सुजेला नवीन काही लागतच नाही. बऱ्याच जणांना ती पहिल्या काही आठवड्यांत येते, पण वर्षांनंतरही येऊ शकते, आणि मधेच येते मधेच जाते, रोज गोळी घेऊनही महिनोन् महिने काही होत नाही. म्हणून गोळीवर संशय जात नाही आणि बिचारी कोळंबी पकडली जाते.

आतली भानगड अशी. आपल्या शरीरात एक एन्झाइम आहे, त्याचं नाव एसीई. त्याला दोन कामं असतात. एक, रक्तवाहिन्या आवळणारं एक रसायन तयार करणं, ज्याने बीपी वाढतं. दुसरं, ब्रॅडिकायनिन नावाच्या रसायनाचा निचरा करणं. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल या सगळ्या गोळ्या त्या एन्झाइमला बांधून ठेवतात, त्यामुळे बीपी उतरतं ते छान, पण निचराही कमी होतो. मोरीची जाळी तुंबल्यासारखं. बहुतेकांच्या शरीरात पाणी जायला दुसऱ्या वाटा असतात, काहींच्यात त्या कमी पडतात, मग ब्रॅडिकायनिन साठतं आणि बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, आणि ओठ-जिभेसारख्या मऊ जागी ते पाणी भरतं. गंमत म्हणजे हे ब्रॅडिकायनिन १९४९ मध्ये ब्राझीलमध्ये सापडलं ते तिथल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषावर काम करताना, आणि पुढे त्याच सापाच्या विषातून धागा मिळून या गटातली गोळी बनली, कॅप्टोप्रिल, अमेरिकेत १९८१ मध्ये बाजारात आली. म्हणजे या सुजेचं आणि गोळीचं कुळ एकच आहे म्हणा ना.

खऱ्या ॲलर्जीत हा मामला नसतो, तिथे मुख्य गुन्हेगार हिस्टामिन, ॲलर्जीत शरीरात सुटणारं वेगळं रसायन. एव्हिल हिस्टामिनला अडवतं. ब्रॅडिकायनिनला एव्हिलचं काही देणंघेणं नाही, स्टेरॉइडचंही नाही, आणि ॲड्रेनालिनचाही त्यावर भरवशाचा उपयोग होत नाही. मग तुम्ही म्हणाल आधीच्या तीन वेळी एव्हिलने उतरलं ते कसं? उतरलं नाही हो, ते आपणच उतरलं. ही सूज एक ते तीन दिवसांत आपोआप ओसरते. मधे इंजेक्शन झालं, दुसऱ्या दिवशी ओठ जागेवर आला, सगळे म्हणाले बघा, ॲलर्जीच होती, औषध लागू पडलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ. आणि गोळी चालूच राहिली, आणि चौथ्या वेळी ओठावर न थांबता जिभेवर गेली. माझा सगळा राग आहे तो या तीन फांद्यांवर आहे. एव्हिल दिल्यावर तासाभरात खाज-गांध्या ओसरायला लागतात, तेव्हा ती ॲलर्जी. चोवीस तासांनी ओसरली तर श्रेय एव्हिलला द्यायचं नाही, रोजच्या गोळ्यांचं पाकीट मागून घ्यायचं.

एक राहिलंच, सासूबाईंना कोरडा खोकला होता का हो? रात्री आडवं पडलं की ठसका, कफ नाही, सगळे काढे करून झाले, छातीचा फोटो नॉर्मल? हाही याच गोळ्यांचा नेहमीचा त्रास. खोकला आला म्हणजे सूज येणारच असं काही नाही, पण ज्यांना आहे त्यांनी डॉक्टरांच्या कानावर घालावं, आल्याचे चाटण करत वर्ष काढू नये.

मोठ्या हॉस्पिटलात नाकातून दुर्बीण का घातली त्याने तुम्ही घाबरलात असं दिसतंय. सगळ्यात कामाची गोष्ट तीच होती. बाहेरून ओठ केवढा दिसतो त्यावर काही ठरत नाही, आत स्वरयंत्रापर्यंत सूज उतरलीय का त्यावर ठरतं. ओठ-गालापुरती असेल तर काही तास नजरेखाली ठेवून भागतं, जीभ सुजली की आयसीयू, आणि घशात उतरली की नळी टाकायची तयारी, तीही भूलतज्ज्ञ आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर दोघं उभे राहून, कारण सुजलेल्या तोंडातून नळी जाईलच याची खात्री नसते आणि वेळ पडली तर गळ्याला समोरून छेद द्यावा लागतो. म्हणून अशा पेशंटला जिथे हे सगळं आहे तिथे लवकर हलवणं हाच मोठा उपचार. औषधांची बाजू लंगडी आहे अजून. इकॅटिबँट नावाचं एक महागडं इंजेक्शन आहे, आनुवंशिक सुजेसाठी बनवलेलं, २०१५ मध्ये जर्मनीतल्या एका छोट्या अभ्यासात त्याने सूज साधारण ८ तासांत गेली आणि जुन्या इलाजाने २७ तास लागले, सगळे खूश झाले, मग २०१७ मध्ये शंभरावर पेशंटचा मोठा अभ्यास आला आणि त्यात काहीच फरक दिसला नाही. काही ठिकाणी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड देतात, हो, तीच, पाळीत जास्त रक्त जातं तेव्हा बायकांना देतात ती, किंवा प्लाझ्माच्या पिशव्या चढवतात. यांचे पुरावे कच्चे आहेत, पण हातात दुसरं काही नसताना वापरतात आणि मला त्यात वावगं वाटत नाही. फक्त कोणत्याही औषधाच्या भरवशावर घशाकडे दुर्लक्ष व्हायला नको.

आणि रक्ताची एक टेस्ट असते, ट्रिप्टेज. सुरुवात झाल्यापासून एक-दोन तासांत, फार तर चारेक तासांत रक्त काढलं तर खऱ्या मोठ्या ॲलर्जीत ती बऱ्याचदा वाढलेली सापडते, गोळीच्या सुजेत वाढत नाही. रिपोर्ट यायला वेळ लागतो म्हणून त्या रात्री काही ठरवायला उपयोग नाही, पण नंतर घरात दोन पक्ष पडतात ना, तेव्हा कामाला येते. तसंच, जर सासूबाईंना गोळी बंद करूनही पुढे महिनोन् महिने सूज येत राहिली, किंवा त्यांच्या आई-भावंडांत कुणाला असं होत असेल, तर सी-फोर नावाची टेस्ट करून आनुवंशिक प्रकार आहे का ते बघावं लागेल. तो फार विरळ असतो, आणि तो बहुतेकदा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, त्यामुळे मी आत्ता त्याच्या मागे लागणार नाही.

मधला एक प्रकार सांगायलाच हवा, नाहीतर तुम्ही आता प्रत्येक सुजेला बीपीच्या गोळीवर ढकलाल. दुखण्याच्या गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन. कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून एक घेतली आणि तासा-दोन तासांत डोळ्यांच्या पापण्या बेडकासारख्या फुगल्या, हे मी प्रिलच्या सुजेपेक्षा कितीतरी जास्त वेळा बघितलंय. यात बहुधा खाज असते, गांध्या असतात, एव्हिल लागू पडतं, आणि काही जणांत हे वाढत जाऊन खरोखर बीपी पडण्यापर्यंत जातं. अशा माणसाने त्या गटातली एकही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये, साधी पॅरासिटामॉल नेहमीच्या डोसमध्ये बहुतेकांना चालते. म्हणजे औषधाने आली म्हणून सगळी सूज एका जातीची नसते, कुठल्या औषधाने आणि कुठल्या वाटेने आली ते बघावं लागतं.

आता घरात काय करायचं ते. गोळी बंद केली तरी पुढचे काही आठवडे, क्वचित महिने, सूज परत येऊ शकते, बहुतेकदा पहिल्या महिन्यात, तेव्हा परत आली तर डॉक्टरांचं चुकलं असं समजू नका. जीभ किंवा घसा सुजतोय असं वाटलं की त्यांना बसवून ठेवा, झोपवू नका, आडवं केलं की जीभ मागे जाते. उलट ज्याला गांध्या, चक्कर, बीपी पडल्यासारखं होतंय त्याला आडवं करून पाय वर घ्यायचे आणि उठवून चालवायचं नाही, त्याचा श्वास लागत असेल तर पाठीला टेकवून बसवा पण उभं करू नका. दोन्ही उलट आहे, लक्षात ठेवा, कारण गडबडीत आपल्याकडे सगळ्यांनाच खांद्याला धरून गाडीपर्यंत चालवत नेतात. तोंडात काही देऊ नका, पाणी नाही, हळद-दूध नाही, एव्हिलची गोळीसुद्धा गिळायला लावू नका गिळता येत नसेल तर. आवाज बदलला, लाळ गळायला लागली, श्वास घेताना घशातून आवाज यायला लागला, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन, तिथे वाट बघायला जागा नाही. आणि मोबाइलवर दर अर्ध्या तासाने चेहऱ्याचा फोटो काढून ठेवा, डॉक्टरला सूज किती वेगाने वाढली ते त्यातून कळतं, तुमच्या "खूप सुजलं होतं हो" मधून कळत नाही.

आणि पिशवी. रोजच्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या खिळ्याला टांगा, जाताना ती आधी उचलायची. पाकिटावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं, त्याकडे बघू नका, खाली मुंगीएवढ्या अक्षरात खरं औषध असतं, फोनने फोटो काढून मोठा करून वाचा. नावाच्या शेवटी 'प्रिल' असेल तर ती सासूबाईंना जन्मात परत द्यायची नाही, कुठल्याही कंपनीची असो, आणि ती दुसऱ्या गोळीत मिसळून दिलेलीही असते, बीपीच्या कॉम्बिनेशन गोळ्यांत हमखास, म्हणून पाकिटाची सगळी ओळ वाचायची. नावाच्या शेवटी 'लोल' असेल, ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल, तर तेही डॉक्टरला सांगा, कारण खऱ्या ॲलर्जीत ॲड्रेनालिन या गोळ्यांच्या पेशंटला कधीकधी नीट लागू पडत नाही आणि मग वेगळं इंजेक्शन काढावं लागतं. 'सार्टन' असेल, टेल्मिसार्टन, लोसार्टन, तर ती वेगळ्या वाटेने काम करते. २००८ मध्ये एक प्रचंड मोठा अभ्यास आला होता, पंचवीस हजारांवर लोक, त्यात रामिप्रिलवाल्यांत ही सूज हजारी ३ आणि टेल्मिसार्टनवाल्यांत हजारी १, खोकला तर शंभरात ४ विरुद्ध १. प्रिलने सुजलेल्या बहुतेकांना सार्टन चालते, थोड्यांना तिच्यावरही सूज आलीय, म्हणून सुरू करताना डॉक्टर जरा थांबून, सांगून सुरू करतात. पुढे कधी हार्टसाठी सॅक्युबिट्रिल असलेली गोळी कुणी लिहिली तर मात्र स्पष्ट सांगायचं की प्रिलने जीभ सुजली होती, ती चालणार नाही. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा ना, नाहीतर दोन वर्षांनी नवीन डॉक्टर, नवीन गाव, आणि परत एनालाप्रिल. हे असं होताना मी बघितलंय, एकाच बाईंच्या बाबतीत दोनदा.

नवीन गोळी कोणती दिलीय ते तुम्ही लिहिलं नाहीत. अम्लोडिपिन असेल तर काही दिवसांनी पाय सुजतील कदाचित, घोट्याशी, संध्याकाळी जास्त, बोटाने दाबलं की खड्डा पडतो. ती सूज वेगळी, त्यात घसा बंद होत नाही, मध्यरात्री ॲम्ब्युलन्स बोलवायची नाही, सावकाश डॉक्टरला दाखवून डोस बदलून घ्यायचा.

राहता राहिले मासे. रक्ताच्या त्या टेस्टने तुमचं घर नडलंय. त्या टेस्टमध्ये आलं म्हणजे ॲलर्जी आहे असं नसतं, शरीर त्या पदार्थाला ओळखतं एवढंच त्यातून कळतं, आणि कोळंबीचं तर आणखी एक आहे, घरातल्या धुळीतला किडा आणि झुरळ यांच्यात कोळंबीसारखंच एक प्रोटीन असतं, त्यामुळे धुळीची ॲलर्जी असलेल्या माणसाची टेस्ट कोळंबी न खाताही पॉझिटिव्ह येऊ शकते. सासूबाईंची धूळ आलीच आहे, तुम्हीच लिहिलंय. ज्या बाईने साठ वर्षं कोळंबी खाल्ली आणि कधी अंगावर गांधी आली नाही, तिची सूज एकादशीला आली, तरी दोष कोळंबीचा? हां, शिळा बांगडा खाल्ला आणि तोंड लाल झालं, डोकं ठणकलं, अंगावर चट्टे आले असं कधी झालं असेल तर ते वेगळं, तो मासा नीट बर्फात न ठेवल्याने त्यात हिस्टामिन तयार होतं, शिजवूनही जात नाही, आणि ती ॲलर्जी नसतेच, मासेवाली बदलायची.

तर सुरमई, पापलेट, बोंबील आजपासून द्या, ते टेस्टमध्येही नव्हते, त्यांना कशाला शिक्षा. खिचडीत शेंगदाण्याचं कूटही घाला. कोळंबीला मात्र अजून तीन-चार आठवडे थांबा, कारण गोळीचा उरलासुरला परिणाम म्हणून नेमकी त्याच रात्री ओठाला सूज आली तर तुमच्या घरात पुन्हा कोळंबीवरच खटला भरतील आणि मग मी कितीही लिहिलं तरी कुणी ऐकणार नाही. तेवढे दिवस नीट गेले की मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना एकदा विचारा, ते हो म्हणाले की दुपारच्या जेवणात, दवाखाना उघडा असताना, दोन-चार तुकडे आधी. रात्रीच्या जेवणात पहिल्यांदा नको. सासूबाईंना सांगा, डॉक्टरीणबाईंनी तारीख दिलीय.